खालची हवा

वेदिकाने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "माई, जरा धर. असा उभा धर. आजीला नीट दिसलं पाहिजे." मी धरला. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरवरच्या त्या दुकानात काउंटरवर दोन मोठाली खोकी मांडलेली, एक काळं, एक पांढरं, आणि त्यांच्यासमोर मी हात लांब करून उभी. फोनच्या आत लताबाई. माझ्या विहीणबाई. मनमाडला आपल्या घरात पंख्याखाली बसून चष्मा नाकावर खाली ओढून बघत होत्या. "थोडं डावीकडे घ्या ना विहीणबाई," म्हणाल्या. मी डावीकडे घेतलं. माझ्या लेकाची लेक, माझ्या मांडीवर वाढलेली, तिला आयुष्यातली पहिली मोठी वस्तू घ्यायची, तर पसंत करणार मनमाड, आणि मी कोण? मी खुंटी. फोन टांगायची.

त्या खोक्यांना कॅबिनेट म्हणतात. कम्प्युटरचा सगळा जीव त्यात बसवायचा असतो. वेदिकाला तयार कम्प्युटर नको होता. एकेक भाग निवडून ती स्वतः जोडणार होती, खेळण्यासाठी. खेळ म्हणजे पोरखेळ नाही. पाच पोरींची टोळी आहे, कॉलेजच्या नावाने खेळतात, समोरची टोळी दुसऱ्या गावात बसलेली असते. मे महिन्यात एका रविवारी दुपारी त्यांचा सामना होता. जिंकल्या तर पुण्याला पुढची फेरी. जुन्या लॅपटॉपला ते झेपत नव्हतं. एवढं मला कळत होतं. माझी शाळा तिसरीत सुटली, डोकं नाही सुटलं.

दुकानातला अमोल म्हणून पोरगा समजावून सांगत होता. "काळ्याला समोर जाळी आहे, हवा सरळ आत जाते. पांढऱ्याला समोरून नि बाजूने काच. दिसायला एक नंबर. पण मग हवा खालून घ्यायची, वरून सोडायची. खाली तीन फॅन, वर पाण्याचा कूलर." नमुन्याला म्हणून एक पांढरं चालू करून ठेवलेलं होतं, आत निळे-जांभळे दिवे फिरत होते. मला काय झालं कोण जाणे, एका हातात फोन तसाच धरून मी वाकले आणि दुसरा हात त्याच्या खाली घातला, तळवा वर करून. हवा अंगावर येत नव्हती, ती बोटांच्या फटीतून वर चालली होती. ओढत होतं ते. जिवंत जनावर पाणी ओढतं तसं, सावकाश, न थांबता. माझ्या हाताला ते ओळखीचं वाटलं. अमोल हसला, "माई, तुम्ही तर बरोबर जागेवर हात घातला." पण वेदिका म्हणाली, "माई, तो देव नाहीये गं, पाया नको पडूस." ती हसली, अमोल हसला, आणि माझ्या हातातला फोनसुद्धा हसला. "अहो विहीणबाई, फोन हलतोय," फोन म्हणाला. मग लगेच, "पांढरंच घे बाळा. काळं काय घेतेस, कोळशाच्या पोत्यासारखं? पांढऱ्यात आतलं सगळं कसं शोकेससारखं दिसतं. आणि कॅबिनेट माझ्याकडून हं." झालं. ठरलं. निघताना वेदिकाने माझ्या हातातून फोन घेतला आणि फोनच्या काचेला मुका दिला. माझ्या हातात फोनची ऊब तेवढी राहिली. ती मी पदराला पुसली.

रिक्षात ती बडबडत होती आणि मी गंगापूर रोडची झाडं मोजत होते. आजी म्हणते तिला. मला माई. हे माझंच कर्म. वेदिका झाली तेव्हा मी सगळ्यांना सांगून ठेवलं, मला आजीबिजी म्हणायचं नाही, मी काही म्हातारी झाले नाही, मला माई म्हणा. तो शब्द मी उंबऱ्याबाहेर ठेवला आणि लताबाईंनी अलगद उचलून घरी नेला. आता पोरगी "आजी" म्हणते तेव्हा तिच्या तोंडात गूळ असतो, आणि "माई" म्हणते तेव्हा, माई, फोन धर. माई, बेल वाजली. माई, चार्जर दिसला का. लताबाई रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होत्या. सही इंग्रजीत. पेन्शन. केस कापलेले, पण हळूहळू कापत आणले, म्हणजे कुणी नाव ठेवू नये. वेदिकाशी मोबाइलवर लुडो खेळतात, त्यात मुद्दाम हरतात, मी बघितलंय. बाई वाईट नाही. हेच तर वाईट आहे. वाईट असती तर दोन शब्दांत संपवली असती. माझ्या जिभेला गावात सगळे भ्यायचे; पण जिच्यात खोट नाही तिच्यावर जीभ कुठे टेकवायची? मग ती आपल्याच तोंडात फिरत राहते आणि आपल्यालाच चावते.

आठवड्याभरात सगळे भाग आले आणि वेदिकाने जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून कम्प्युटर जोडायला घेतला. माझी सून स्नेहल शाळेत शिकवते, ती कामावर; शेखर, माझा लेक, तो अंबडला कंपनीत. घरात आम्ही दोघीच. मी समोर बसून तूर निवडत होते आणि बघत होते. मधल्या चौकोनी तुकड्यावर तिने राखाडी लोण्याचा हरभऱ्याएवढा गोळा ठेवला. "हे कशाला?" "उष्णता ओढून घ्यायला, माई. हा प्रोसेसर लई तापतो." मग वरून दोन काळ्या नळ्यांचा कूलर बसवला. आत पाणी फिरतं म्हणे; तापलेलं पाणी वर जातं, पंख्याखाली गार होतं, परत खाली येतं. द्राक्षाच्या बागेत ठिबकच्या नळ्या असतात ना, तशाच होत्या. हे मी म्हणाले. ती म्हणाली, "हं." तिचं लक्ष स्क्रूमध्ये. एक स्क्रू टेबलाखाली पडला, तो मी शोधून दिला. "थँक्यू माई." तेवढ्यावर मला दिवसभर बरं वाटलं, आणि एवढ्यावर बरं वाटतंय याची रात होईपर्यंत लाज वाटली. ज्या बाईला बाजारात व्यापारी उठून बसायला जागा द्यायचे, ती एका स्क्रूवर खूश.

कम्प्युटर तिच्या खोलीत टेबलाशेजारी जमिनीवर ठेवला. टेबलावर मावत नव्हता, इतका जंगी. गुळगुळीत फरशीवर चार पायांवर उभा, काचेतून दिवे. चार-पाच दिवस उत्तम चालला. मी खोलीत केर काढायला जायचे तेव्हा त्याच्या डोक्यावर तळवा ठेवायचे. कोमट. बरोबर. मला बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. कौतुक बघायला आलेल्या मैत्रिणींना ती सांगायची, "कॅबिनेट आमच्या आजीचं सिलेक्शन आहे." सिलेक्शन. मी जन्मभर निवडलं. गहू निवडले, तूर निवडली, हजारो क्विंटल कांदा हाताखालून काढला, मोठा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी, डोळे मिटून सांगायचे कुठला कांदा आतून गेलाय. त्याला कुणी सिलेक्शन म्हटलं नाही. त्याला काम म्हणायचे.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. लताबाई मनमाडहून आमरसाच्या जेवणाला आल्या आणि पिशवीतून त्यांनी ते काढलं. लोकरीचं आसन. पांढरं आणि जांभळं, कम्प्युटरच्या दिव्यांशी रंग जुळवून विणलेलं, दोन बोटं जाड, चारही बाजूंनी झालर, आणि एका कोपऱ्यात इंग्रजीत वेदिकाचं नाव. "नुसता फरशीवर ठेवलाय म्हणालीस ना," त्या म्हणाल्या, "बरं दिसत नाही गं. खाली घालायला. पंधरा दिवस बसले होते विणत." स्नेहलचे डोळे भरले, आईने केलंय म्हणून. वेदिका म्हणाली, "आजी, कसलं भारी! पण खालून हवा..." आणि वाकून बघायला लागली. लताबाई म्हणाल्या, "अगं, पाय आहेत की त्याला." वेदिका म्हणाली, "हो, पाय आहेत." दोघींनी मिळून कम्प्युटर उचलला, शेखरने आसन सरकवलं, आणि ठेवला.

मी दारात उभी होते, हातात रसाचं पातेलं. मी बघितलं. चार पाय लोकरीत रुतले, गाळात बैल रुतावा तसे, आणि पोट खाली टेकलं. झालर वर उभी राहिली चहूबाजूंनी, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. दिसायला फार सुंदर दिसत होतं. मी म्हणाले, "रस गरम होतोय, चला जेवायला."

कांद्याची चाळ ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी पट्ट्यांची लांबोडकी खोली असते ती, जमिनीपासून दीड हात वर उचललेली. बाजूंना फटी, तळाला फटी. उन्हाळ कांदा काढून, सुकवून तिच्यात भरायचा आणि पावसाळा पार करायचा. लोकांना वाटतं काढलेला कांदा म्हणजे दगड. नाही. तो आत श्वास घेतो, तापतो. खालून हवा आली, त्याच्या अंगाअंगातून वर गेली, की दिवाळीपर्यंत कडकडीत. खालची हवा कोंडली की मधून सडतो. वरून काही दिसत नाही. वरून सगळं छान दिसतं, आणि ज्याला माहीत आहे तो हात कोपरापर्यंत आत घालून बघतो, आणि हात बाहेर काढल्यावर सांगायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, आणि मी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलायला लागले. मलाच ते जाणवायचं. दुपारी वेदिका कॉलेजला गेली की मी खोलीत जायचे. ती गेल्यावरही काही काम लावून ठेवलेलं असायचं, पंखे घरघरत असायचे. तळवा ठेवायचे. पहिल्या दिवशी कोमटच्या वर. चौथ्या दिवशी उतरवून ठेवलेल्या तव्यासारखा. बाहेर नाशिकचं ऊन असं की गोदाकाठची कबुतरंसुद्धा पुलाखाली बसून राहायची. वेदिका संध्याकाळी आली की पडद्यावर आकडे बघायची आणि पुटपुटायची, "नव्वद? एवढं कसं?" मग पंख्यांचा वेग वाढवायची. खोलीतून विमान उडाल्यासारखा आवाज. तिने फोन लावला. कुणाला? "आजी, टेम्परेचर लई जातंय गं. कूलर परत पाठवू का?" लताबाई म्हणाल्या, "उन्हाळा आहे बाळा, माणसं तापताहेत. पडदा ओढून बस." मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, भिंतीपलीकडून सगळं ऐकत होते. एक हाक. "माई, तुला काय वाटतं गं?" एवढं म्हटलं असतं, तर मी पिठाच्या हातांनी धावत गेले असते. मी भाकरी उलटली. ती करपली. मी ती स्वतःच्या ताटात वाढून घेतली. मी स्वतःशी म्हणत होते, मला कुठे काय कळतंय, तो कांदा आहे का, ते यंत्र आहे, शिकल्यासवरल्या बायका बघून घेतील. असं म्हणताना मला माझाच आवाज खोटा वाटायचा, बेरकी गड्यासारखा.

असा आवाज मी एकदा आधीही काढला होता. शेखर दुसरीत होता तेव्हा. दिंडोरीजवळच्या आमच्या गावात, एकत्र घरात, माझी धाकटी जाऊ मैना लासलगावकडून आली होती. कांद्याच्याच मुलखातली. वयाने माझ्याहून सात वर्षं लहान, हडकुळी, पण कांद्याला हात लावला की सांगायची, हा श्रावणापुढे जायचा नाही. माझे सासरे कडक माणूस. बायकांशी बोलायचे नाहीत. पण ताटावर बसले की विचारायचे, "मैना, औंदा कांदा कधी काढायचा गं?" मी थोरली. मी वाढत असायचे. माझ्या हातात भाकरीची दुरडी, आणि माझ्या डोक्यावरून ते तिला विचारायचे, आणि ती चुलीपाशी बसून उत्तर द्यायची, मानसुद्धा वर न करता. तेवढंच. मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. नुसतं विचारलं नाही. पण तुम्हाला सांगते, न विचारण्याने माणूस आतून तापतं.

त्या साली रोहिणीच्या वादळात गोठ्याचे पत्रे उडाले. गव्हाचा भुसा भिजेल म्हणून मैनाने भुशाची पोती चाळीच्या खाली सारली, दोन दिवसांपुरती. सगळ्यांना सांगूनच केलं. दुसऱ्या दिवशी तिच्या पोराला ताप चढला, ती त्याला घेऊन दिंडोरीच्या दवाखान्यात, तिथून माहेरी. पंधरा-वीस दिवस झाले. पाऊस लागला. पुरुष पेरणीत. चाळीकडे जाणारी मी एकटी. पोती खाली तशीच, दाबून बसलेली, एक फट मोकळी नाही. मी रोज बघत होते. चार पोती ओढायला किती वेळ? आठव्या दिवशी मी हात आत घातला. कोपरापर्यंत. आत ऊब होती, बाळंतिणीच्या खोलीसारखी. मी हात काढला, लुगड्याला पुसला, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "चाळ झकास हाय." कुणी विचारलं नव्हतं. तरी सांगितलं.

मैना आली त्या दिवशी चाळ फोडली. वास आधी आला, मग पाणी. मधला सगळा कांदा काळा, हात लावला की फसकन आत जायचा. तिने पोत्यांकडे बघितलं आणि तिला कळलं. नुसती हात पुसत राहिली पदराला, परत परत, हातांना काही लागलेलं नसताना. सासऱ्यांनी एक शब्द वावगा काढला नाही. पुढच्या वर्षी जेवायला बसले आणि म्हणाले, "थोरले, औंदा कांदा कधी काढायचा?" मी दुरडी खाली ठेवली आणि दिवस सांगितला. तीस वर्षं माझी चाळ कधी सडली नाही. लांबून लोक बघायला यायचे. मैना त्या घरात आणखी बारा वर्षं होती, वाटण्या होईपर्यंत, आणि तिला कुणी काही विचारलं नाही. कांद्याचं नाही, पोरांच्या नावाचं नाही, भाजीत मीठ किती तेसुद्धा नाही.

रविवार उजाडला. लताबाई सकाळच्या गाडीनेच आल्या, नातीचा सामना बघायला. वेदिकाच्या मागे खुर्ची टाकून बसल्या, हातात मोसंबीचा रस, तिच्यासाठी. मी पलंगाच्या कडेवर. स्नेहल दारात. तीन वाजता सुरू झालं. तीन डावांचा सामना, दोन जिंकले की झालं. पहिला डाव आमच्या पोरींनी घेतला. वेदिकाचा चेहरा असा फुलला होता, कानात यंत्र लावून ओरडत होती, "डावीकडे, डावीकडे! रिया, मागे बघ!" लताबाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंत विहीणबाई? माझं कॅबिनेट लकी आहे." मी म्हणाले, "हो ना. नजर नको लागायला." आणि माझी नजर खाली झालरीवर.

दुसऱ्या डावाच्या मध्यावर चित्र अडखळायला लागलं. पंखे किंचाळायला लागले. "नको ना, आत्ता नको," वेदिका म्हणाली, आणि पडदा काळा झाला. आतले दिवेही गेले. खोलीत एकदम इतकी शांतता, की तिच्या कानातल्या यंत्रातून बाकीच्या पोरींचे बारीक आवाज ऐकू आले, "वेदू? वेदू, कुठे गेलीस?" कम्प्युटर तिने परत चालू केला. दोन मिनिटं चालला, परत गेला. ती आडवीतिडवी बटणं दाबत होती. लताबाई पुढे झुकल्या. "बाळा, मी म्हणते, काचेचं म्हणून तर नाही ना होत? मीच म्हटलं होतं काचेचं घे. थोडं पाणी शिंपडलेलं फडकं..." वेदिका वळली आणि म्हणाली, "आजी, तू प्लीज बोलू नकोस. तुला काही कळत नाही यातलं."

गोड लागलं. खोटं कशाला सांगू? जिभेच्या मुळापर्यंत गोड लागलं. एवढ्या महिन्याभराची, एवढ्या वर्षांची आग त्या एका वाक्याने निवली. मी लताबाईंच्या तोंडाकडे बघितलं, नीट चवीने बघावं म्हणून. त्या मागे सरकल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागल्या. पुसला, लावला, परत काढला, परत पुसायला लागल्या. काच स्वच्छ होती. काही लागलेलं नव्हतं.

मग माझ्या नाकात तो वास आला. खोलीत कांदा नव्हता.

मी उठले. गुडघे वाजले. जमिनीवर बसले, आणि म्हणाले, "वेदे, त्या बाजूने उचल." "माई, आत्ता नको गं!" "उचल म्हणते ना." या आवाजात मी सालदारांना हाक मारायचे. तिने उचललं. मी आसन ओढून काढलं. ताज्या भाकरीसारखं गरम. झालरीचा जांभळा रंग माझ्या बोटांना चिकटल्यासारखा वाटला. "ठेव आता. नुसत्या फरशीवर. आणि थोडा वेळ गार होऊ दे, लगेच चालू करू नकोस." ती खाली वाकली, कॅबिनेटच्या पोटाखाली हात घातला, आणि माझ्याकडे बघितलं. "खालचं पूर्ण बंद झालेलं. पाय रुतलेले. ओह शिट. माई, तुला कसं कळलं?"

"चाळ," मी म्हणाले. "कांद्याला पण खालूनच हवा लागते."

तिच्या डोळ्यांत ते आलं जे मी दुकानात फोन धरून उभी असताना मागत होते. पूर्ण. माझ्याकडे वळलेलं. लताबाईसुद्धा म्हणाल्या, "विहीणबाई, धन्य आहे तुमची." इथे थांबली असती तर मी सुखाने मेले असते. पण पोरगी हुशार आहे, माझंच रक्त. तिच्या कपाळावर आठी पडली आणि ती म्हणाली, "कधी कळलं?"

सासऱ्यांनी हे विचारलं नव्हतं. आमच्या ह्यांनी नाही, कुणीच नाही. चाळ फोडली तेव्हा सगळ्यांनी काय झालं ते विचारलं, कुणी केलं ते विचारलं. कधी कळलं, हे कुणी मला विचारलं नाही, म्हणून मी इतकी वर्षं वाचले. आत्ता, असं म्हणायचं होतं. एक शब्द. तोंडात तयार होता. समोर लताबाई चष्मा हातात धरून बसल्या होत्या, चष्म्याशिवाय त्यांचे डोळे बारीक आणि उघडे दिसत होते.

"आसन आलं त्या दिवशी," मी म्हणाले. "रसाचं पातेलं हातात होतं."

स्नेहल दारातून निघून गेली. कम्प्युटर गार झाला, चालू झाला, न अडखळता चालला; पण तोवर चार जणींनी खेळून दुसरा डाव घालवला होता आणि तिसरा अर्ध्यावर होता. हरल्या. पुणं राहिलं. वेदिकाने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, अगदी हळू. लताबाईंनी आसन माझ्या हातातून घेतलं, घडी केली, पिशवीत टाकलं. जाताना पाया पडल्या नाहीत, मी वयाने मोठी असून. नुसतं "येते" म्हणाल्या. रात्रीच्या जेवणाला भाजीत मीठ कमी होतं. मी वाट बघत होते, मीठ किती एवढं तरी कुणी विचारेल. कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावाला फोन लावला. माझ्या वाट्याचा कांदा सुकून पडला होता, चाळ भरायची होती, वाटेकरी सहादू चार दिवसांपासून मागे लागला होता. पण मी सहादूला नाही लावला. मैनाला लावला. लग्नकार्यात "बरं हाय का" यापलीकडे आम्ही बोललो त्याला किती वर्षं झाली असतील. तिनेच उचलला. "कोन?" मी नाव सांगितलं. मागे कोंबड्यांचा आवाज, कुठेतरी ट्रॅक्टर.

"मैने," मी म्हणाले, "औंदा चाळ भरायचीय. कशी भरू?"

मग ती म्हणाली, तिच्या त्या जुन्या आवाजात, मान वर न करता बोलायची तसं:

"खालून मोकळी ठेवायची आक्का. तुला तव्हा बी ठाव होतं."